प्रकरण चौदावे : वीस वर्षं टिकणारा बॉयलर

बॉयलर रविवारीच बंद पडला होता, पण अट्रॅक्टाने ते कुणाला सांगितलं नाही. सांगण्याची तिची रीतच नव्हती. नवऱ्याच्या, यूजीनच्या, शेवटच्या दुखण्याची बातमीसुद्धा मुलांना शेजाऱ्यांकडून कळली होती. मंगळवारी फिंटन आईकडचं फाटक रंगवायला गेला, ब्रश धुवायला आत आला, आणि मधल्या बोळात आपल्याच तोंडातून वाफ निघताना बघून थबकला.

"आई, घर गारठलंय."

"ऑक्टोबर आहे," अट्रॅक्टा म्हणाली.

"रेडिएटर बर्फासारखे झालेत."

"मी स्वयंपाकघरात असते. इथे शेगडी आहे. बाकीचं घर कुणासाठी तापवायचं?"

हा संवाद फिंटनने घरी येऊन बायकोला, ब्रोनाला, जसाच्या तसा सांगितला आणि त्याच दमात, हाताला लागलेला हिरवा रंग पुसता पुसता म्हणाला, "मी म्हणतो, हिवाळ्यापुरतं तिला आपल्याकडेच आणावं."

ब्रोना लेकीला, क्लोडाला, भरवत होती. चमचा अर्ध्यावर राहिला, आणि क्लोडाने, वयाला शोभेल अशा स्पष्टपणाने, टेबलावर मूठ आपटून तो मागितला.

फिंटनच्या बर्न घराण्यात 'हिवाळ्यापुरतं' या शब्दाला इतिहास होता. यूजीनची बहीण फिलोमिना अशीच एका नोव्हेंबरात हिवाळ्यापुरती म्हणून अट्रॅक्टाच्या घरी आली होती. तिचा हिवाळा अकरा वर्षं चालला, आणि ती त्या घरातून निघाली ती थेट चर्चमागच्या मातीत गेली. ब्रोनाने तिला पाहिलं नव्हतं, फक्त ऐकलं होतं. पण ऐकलेलं पुरेसं होतं.

शेताच्या टोकाला बांधलेल्या त्यांच्या बंगलीत खोल्या मोजून दोन, आणि तिसरी म्हणायची तर क्लोडाचा पाळणा असलेली ती पूर्वेकडची चिंचोळी जागा. पोर झोपली की ब्रोना तिथे खिडकीशी बसे. काही करत नसे. घरातलं ते एकमेव दार होतं जे लावून घेतलं तरी कुणी कारण विचारत नसे.

"त्यापेक्षा नवा बॉयलर बसवू या ना," ती म्हणाली. म्हणाली ती जरा जास्तच चटकन.

फिंटनने रंगाचा बोळा खाली ठेवला. "म्हणजे आई तुला नको आहे."

"असं कुठे म्हटलं मी?"

"म्हटलं नाहीस."

"अरे, त्यांना त्यांच्या घरात बरं वाटतं."

"हो. आणि शुक्रवारी अख्खी वाडी तेच म्हणणार. सुनेने बॉयलर दिला, खोली नाही दिली."

शुक्रवार म्हणजे पाळीचा मिस्सा, चर्चमधली प्रार्थना घरी आणायचा दिवस. त्या डोंगराळ, पाणथळ मुलखात अजूनही रीत होती की फादरने वर्षातून एकदा वाडीतल्या कुणा एकाच्या घरी येऊन, स्वयंपाकघराच्या टेबलावर पांढरं कापड घालून मिस्सा करायचा. घरांची पाळी ठरलेली. पाळी आली की माणसं भिंती रंगवत, फाटकं रंगवत, ज्या गोठ्याकडे फादर आयुष्यात वळून बघणार नाही त्याची मागची बाजूही रंगवत. मिस्सा अर्ध्या तासाचा, आणि नंतरचा चहा वाडीला सगळं कळेपर्यंतचा. यंदा कैक वर्षांनी पाळी अट्रॅक्टाची होती, आणि बॉयलरने मुहूर्त साधला होता.

तेव्हा जे काय ठरायचं ते शुक्रवारच्या आत ठरायला हवं होतं. फिंटनने बहिणीला फोन केला. डिम्फना डब्लिनच्या एका शाळेत उपमुख्याध्यापिका होती आणि सुट्टीच्या दिवशीही तशीच असे. ती म्हणाली, "मी येईपर्यंत कुणी काही ठरवू नका." आजवर तिच्यामागे कुणी काही ठरवलं होतं असं नव्हे, पण ती दर वेळी सांगे.

*

बुधवारी दुपारी सगळे अट्रॅक्टाच्या स्वयंपाकघरात जमले. शेगडीत टर्फची, दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीची, ढेकळं धुमसत होती, टेबलावर मनुका घातलेला ब्रॅक पाव कापून ठेवला होता, आणि एकानेही अंगातला कोट काढला नव्हता. बाहेर, परसातल्या शेडमध्ये, मॅलॅकी बॉयलरचं पोट उघडून बसला होता. मॅलॅकी यूजीनचा चुलतभाऊ. आसपासच्या साऱ्या घरांचे बॉयलर त्याच्याच हातचे. मुलखात त्याला एकही शत्रू नव्हता, आणि ते काही त्याला फुकट मिळालेलं नव्हतं.

"माझ्यासाठी काही करू नका," अट्रॅक्टाने सभेचं उद्घाटन केलं. "मी बरी आहे."

ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ही या घराची जुनी रीत. ब्रोना स्लायगो शहरातली. तिच्या माहेरी भूक लागली की माणसं 'भूक लागली' म्हणत. इथे 'मी बरी आहे' या तीन शब्दांत ताप, राग, भूक, आनंद आणि कर्करोग सगळं मावे. लग्नाला इतकी वर्षं होऊनही सासूला काय हाक मारावी हे ब्रोनाला ठरवता आलं नव्हतं. नावाने हाक मारायला जीभ धजेना, 'आई' म्हणायला मन. मग ती समोर जाऊन उभी राहायची आणि बोलायला सुरुवात करायची.

डिम्फनाने पिशवीतून एक गुळगुळीत पत्रक काढून टेबलावर उलगडलं. "हे बघा. दुरुस्त्या करत बसण्यात अर्थ नाही. हा नवा घेतला की वीस वर्षं बघायला नको."

वीस वर्षं. शब्द टेबलाच्या मध्यावर पडले आणि तिथेच राहिले. फिंटन खिडकीकडे बघू लागला, डिम्फना ब्रॅककडे, ब्रोना क्लोडाच्या बुटाच्या नाडीकडे. तिघांच्या मनात एकच बेरीज चालली होती आणि ती आपल्या तोंडावर दिसू नये याची तिघंही खटपट करत होती.

"वीस," चहा ओतता ओतता अट्रॅक्टा म्हणाली. "म्हणजे मी अठ्ठ्याण्णवची होईन. चांगलं आहे. तोवर फाटकालाही पुन्हा एक हात द्यावा लागेल."

"आई, मला तसं नव्हतं म्हणायचं."

"आणि दुरुस्त केला तर किती चालेल?"

"तीनेक वर्षं," फिंटन पुटपुटला.

"ते जास्त बेताचं वाटतं," अट्रॅक्टा म्हणाली आणि साखर पुढे केली.

फिंटनचे कान लाल झाले. तो उठला. "मी मॅलॅकीलाच विचारून येतो. उगाच हवेत बोलण्यापेक्षा."

तो गेला आणि थोड्या वेळाने परत आला तो भिजलेल्या केसांनी आणि हलक्या मनाने. "मॅलॅकी म्हणतो, नवा कशाला? एक सुटा भाग बदलला की वसंतापर्यंत घराला ओल येणार नाही एवढा चालेल. पण म्हणतो, त्याच्या भरवशावर म्हाताऱ्या माणसाने एकटं राहू नये."

"मॅलॅकी असं म्हणाला?" डिम्फनाने भुवया वर केल्या.

"शब्दन् शब्द."

डिम्फना कोटाची बटणं लावत बाहेर गेली. परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर वर्गातली खोडी पकडल्याचं समाधान होतं. "मॅलॅकी म्हणतो, त्याला दुरुस्त करणं म्हणजे मेलेल्याला मोजे घालणं. आईने स्वतःच्या घरात उबेत राहायचं असेल तर नवाच हवा."

"मला तो असं बोलला नाही."

"तू नीट विचारलं नसशील."

डिम्फनाच्या मनात काय आहे ते ब्रोनाला ठाऊक होतं, आणि ते बॉयलर नव्हतं. वरच्या मजल्यावर डिम्फनाची खोली अजून होती तशी होती: भिंतीवर घोड्यांची चित्रं, कपाटात कधी न घातलेले नाचाचे कपडे. आई फिंटनकडे गेली की घराला कुलूप लागणार, कुलुपाची किल्ली फिंटनच्या खिशात जाणार, आणि वसंतात कुणीतरी म्हणणार की नाहीतरी रिकामंच आहे, वासरांना बरं पडेल. डिम्फना हे बोलत नव्हती. ती पत्रकातले आकडे वाचून दाखवत होती.

कारण काही असो, नणंद आणि भावजय आज एका बाजूला होत्या. क्लोडाचं नाव काय ठेवायचं यावरून बाप्तिस्म्याला जे बिनसलं होतं, त्यानंतर हे पहिल्यांदाच. ब्रोनाला जरा धीर आला. तेवढ्यात डिम्फना म्हणाली, "आणि ब्रोनालाही तसंच वाटतं. हो ना गं?"

अशा मदतीपेक्षा वैर बरं. फिंटनने बायकोकडे बघितलं. बघितलं म्हणजे त्याने ब्रॅकचा तुकडा परत ताटात ठेवला.

"ब्रोनाला काय वाटतं ते मला माहीत आहे," तो म्हणाला. "पण माझी आई आहे, आणि माझ्या घरात तिला जागा नाही असं मी वाडीत कुणाला म्हणू देणार नाही. बॉयलर नवा येवो नाहीतर जुना राहो. आणि डिम्फना, तुला एवढीच काळजी असेल तर तू ने ना डब्लिनला."

डिम्फनाने पत्रकातून डोकं वर काढलं. "माझ्याकडे? तिसऱ्या मजल्यावर? अरे, लिफ्ट नाही."

"मॅलॅकीला विचारू या लिफ्टचं."

"थट्टा नको. मी काय म्हणते," डिम्फनाने पत्रकाची घडी घातली, मग त्या घडीची आणखी एक घडी घातली, "आता तू म्हणतोस ते फक्त हिवाळ्यापुरतंच असेल, तर त्यातही तसं काही वाईट नाही. आईला सोबत होईल. बाळ आहे. आणि बॉयलरचं मग वसंतात सावकाश बघू."

झालं. इतका वेळ चाललेली युती चहा निवायच्या आत मोडली. बहीण-भाऊ एक झाले, आणि ब्रोना क्लोडाला मांडीवर घेऊन एकटी राहिली. अट्रॅक्टा कुणाच्या कपात किती चहा आहे ते बघत होती. ती ऐकत नाहीये असं वाटावं, इतकं ती नीट ऐकत होती.

"मी जरा हिला हवा दाखवून आणते," ब्रोना म्हणाली.

*

शेडमध्ये तेलाचा वास आणि विजेरीचा पिवळा गोल. मॅलॅकीने गुडघ्याखाली गोणपाट घेतलं होतं.

"मॅलॅकी, काय म्हणतो बॉयलर?"

मॅलॅकीने आधी तिच्याकडे बघितलं, मग मुलीकडे, मग पुन्हा तिच्याकडे. "गेलेला आहे, पोरी. नवा घ्या. आज घ्या. त्या बाईने तिच्या हक्काच्या घरात उबेत राहावं, दुसरं काय."

ब्रोनाला बरं वाटायला हवं होतं. तिला जे ऐकायचं होतं तेच आणि तितकंच तो बोलला होता, आणि म्हणूनच तिच्या ध्यानात आलं.

"फिंटनला काय सांगितलंत?"

"त्याने जे विचारलं ते."

"आणि डिम्फनाला?"

"ती फार हुशार मुलगी. पहिल्यापासून."

"मॅलॅकी, खरं काय आहे?"

"खरं कशाचं म्हणतेस? बॉयलरचं की आतलं?"

"बॉयलरचं."

"ते सोपं आहे." त्याने विजेरी आत मारली. "गंजलाय. झिजून नाही, पडून पडून. पाहुणा आल्याशिवाय ही बाई पेटवायची नाही, आणि यूजीन गेल्यापासून पाहुणे किती येतात? जपून जपून मारला त्याला. शुक्रवारच्या संध्याकाळपुरता मी उठवून बसवतो. फादरला थंडी वाजू देणार नाही. त्यापुढे शब्द देत नाही. पण हे मी म्हटलं असं आत सांगू नकोस. उद्या मला त्या सगळ्यांच्याच घरी जायचंय."

दारात सावली पडली. अट्रॅक्टा शाल डोक्यावरून घेऊन उभी होती. "मॅलॅकी, तुझा चहा आत ओतलाय."

"नको नको, मी घेऊनच आलो."

"घे रे थोडा."

"खरंच नको."

"कप भरलाय."

"मग अर्धाच," असं म्हणून मॅलॅकी उठला, हात पुसत निघून गेला. दोघी बॉयलरपाशी राहिल्या. क्लोडाने आजीच्या शालीचा गोंडा धरला आणि तोंडात घातला.

"तू चूक केलीस," अट्रॅक्टा म्हणाली.

ब्रोनाला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार, आणि आपण ऐकून घेण्यासारखंच वागलो.

"बॉयलरचा कैवार घेतलास. तू जितकं 'नवा घ्या, नवा घ्या' म्हणशील तितका तो मला उचलून तुझ्याकडे नेईल. त्याला माझी काळजी आहे गं, नाही असं नाही. पण शुक्रवारची त्याहून जास्त आहे."

"मी तसं..." ब्रोना म्हणाली. "तुम्ही नको आहात असं नाहीये."

"तू मला नको आहेस असं मलाही कधी वाटलं नाही. म्हणून मी काय तुला माझ्या स्वयंपाकघरात आणून ठेवेन का?" अट्रॅक्टाने गोंडा क्लोडाच्या तोंडातून काढायचा प्रयत्न केला, मग राहू दिला. "मला सकाळचा चहा कुणाशी एक शब्द न बोलता प्यायला आवडतो. आधी सासू, मग मुलं, मग फिलोमिना, मग यूजीनचं दुखणं. आयुष्यभर वाट बघितली मी त्या चहाची. आता कुठे मिळायला लागलाय."

ब्रोनाने तिच्याकडे बघितलं. एवढं सरळ बोलताना तिने सासूला कधी ऐकलं नव्हतं. पूर्वेकडची चिंचोळी खोली आणि तिचं लावलेलं दार तिच्या डोळ्यांपुढे आलं, आणि तिला पहिल्यांदा वाटलं की या बाईला ते दार समजावून सांगावं लागणार नाही.

"मग मी काय करू?"

"मला बोलाव."

"काय?"

"आत जाऊन, सगळ्यांच्या देखत, तोंड भरून बोलाव. तीनदा. मी तीनदा नाही म्हणेन. मग विषय संपला. शुक्रवारी कुणी तोंड उघडायचं नाही. सुनेने पाय धरले, म्हातारीच हट्टी, असं म्हणतील. म्हणू देत. हट्टीपणाने माझं काही बिघडत नाही."

"पण फिंटन बोलावतोयच की."

"मुलाने बोलावणं म्हणजे बोलावणं नव्हे. घर बाईचं असतं. तू बोलावलंच नाहीस तर मी नाही कशाला म्हणू?" ती थांबली. बॉयलरच्या उघड्या दाराकडे बघत राहिली. "फिलोमिनाला मी बोलावलं नव्हतं. यूजीन गाडी घेऊन गेला आणि तिची ट्रंक घेऊन आला. मी तोंड वाकडं केलं, दोन-चार कारणं काढली. म्हणून ती राहिली. मानी बाई होती. मी तीनदा 'ये' म्हटलं असतं तर ती उंबऱ्याच्या आत आली नसती. अकरा वर्षं मला हे सुचलं नाही बघ. तिच्या दफनाला सुचलं."

ब्रोनाला हसू आलं आणि तिने ते आवरलं नाही.

"आणि तिसऱ्यांदा तुम्ही हो म्हणालात तर?"

"तर तुझं नशीब," अट्रॅक्टा म्हणाली आणि शाल सारखी करून पुढे झाली.

*

आत मॅलॅकीची कोंडी झाली होती. फिंटन आणि डिम्फना त्याला दोन बाजूंनी घेऊन बसले होते, आणि तो अर्धा म्हणून घेतलेला तिसरा कप पीत पाऊस, मेंढ्यांचे भाव आणि कुणाच्या तरी दफनाला जमलेली गर्दी यांवर बोलत होता. बॉयलरविषयी त्याचं एकच म्हणणं होतं: "ते घरातल्यांनी ठरवायचं."

ब्रोना खुर्चीवर बसली नाही. उभी राहिली. शाळेत कविता म्हणायला उभं राहावं तशी.

"मी काय म्हणते," ती सासूसमोर जाऊन उभी राहिली. "तुम्ही आमच्याकडे या राहायला."

हे इतकं वाईट जमलं की डिम्फनाने चष्मा काढून पुसला. फिंटनचं तोंड उघडंच राहिलं.

"छे, छे," अट्रॅक्टा म्हणाली. तिला बरं जमलं. तिला आयुष्यभराचा सराव होता. "तुमची अडचण कशाला. मी बरी आहे."

"अडचण कसली?" ब्रोनाने श्वास घेतला. "पूर्वेकडची खोली आहे ना. सकाळी ऊन तिथेच येतं. पाळणा आमच्या खोलीत हलवू. खिडकीशी खुर्ची आहे, ती राहू दे. तिथून तळं दिसतं. दार लावून घेतलं की कुणाचा आवाज येत नाही."

"नाही गं. लहान मूल आहे घरात. तुलाच कुणीतरी हवं मदतीला, आणि मी कसली मदत करणार? नको."

फिंटन आता बायकोकडे बघत होता. लग्नाच्या वेळी एकदा त्याने तिच्याकडे तसं बघितलं होतं, नंतर वेळ मिळाला नव्हता. ब्रोनाने ते बघितलं आणि तिला लाज वाटली, कारण ती खोटं बोलत होती. पण बोलता बोलता ती खोली तिला दिसायला लागली होती: खिडकीतली खुर्ची, खुर्चीत ही बाई, दोन्ही हातांत धरलेला कप, दार लावलेलं. आणि दाराच्या अलीकडे आपण, दुसरा कप घेऊन. कुणी कुणाशी बोलत नाहीये. तिला कळेना, हे आपल्याला नको होतं ते नेमकं काय.

"या ना," ती म्हणाली.

एवढंच. त्यापुढे काही जोडायचं तिला सुचलं नाही. आणि ते म्हणताना आवाज जरा चुकला. जसा ठरलेल्या गोष्टीत चुकू नये तसा.

अट्रॅक्टाने कप ओठांशी नेला होता. तो तिथेच थांबला. ठरल्याप्रमाणे आता तिने लगेच बोलायचं होतं. ती बोलली नाही. तिने कपावरून सुनेकडे बघितलं, बाजारात गाईचे दात बघतात तसं, नीट आणि निर्लज्जपणे. ब्रोनाने डोळे खाली घातले नाहीत. शेगडीत एक ढेकूळ ढासळलं. डिम्फनाने श्वास रोखला होता, आणि मॅलॅकी, ज्याला कुठल्या वेळी दिसेनासं व्हावं हे कळत असे, तो ब्रॅकमधल्या मनुका निरखत होता.

"नाही," अट्रॅक्टा म्हणाली. त्याला लागायला हवा होता त्याहून जास्त वेळ लागला. "नाही, पोरी. पण बोलावलंस. बरं केलंस." मग ती मुलांकडे वळली आणि तिचा आवाज नेहमीचा झाला. "तो वीस वर्षांचा घ्या. मी माझ्या घरी बरी आहे. उगाच त्या बिचाऱ्या मुलीला पेचात टाकू नका. तिने काही कमी केलं नाही."

फिंटनने नाक शिंकरलं. डिम्फनाने पत्रकाच्या साऱ्या घड्या उलगडून ते तळहाताने सपाट केलं आणि म्हणाली, "मी आल्या आल्या हेच सांगत होते."

"मीसुद्धा पहिल्यापासून हेच म्हणतोय," मॅलॅकी म्हणाला, आणि यावर कुणाला काही बोलता येईना, कारण प्रत्येकाला तो काहीतरी म्हणालाच होता. त्याने खिशातून चुरगळलेली वही काढली. "तर मागवतो. शुक्रवारची संध्याकाळ जुन्यावर निभावून नेऊ. मग हा काढायचा, नवा यायचा. पाच आठवडे धरा."

"पाच आठवडे," डिम्फना म्हणाली. "आणि तोवर आई या गारठ्यात?"

याचं उत्तर, ब्रोनाचं 'या', सगळ्यांच्या देखत आत्ताच तीनदा देऊन झालं होतं, आणि ते पाच आठवड्यांपुरतं परत घेण्याची सोय कुठल्याच रीतीत नव्हती. पाच आठवडे आई आपल्याकडे, म्हणून फिंटनच्या चेहऱ्यावर हळूहळू आनंद पसरला. दोघी बायकांनी एकमेकींकडे बघितलं. शेडमध्ये हा आकडा दोघींच्याही हिशेबात आला नव्हता.

"मॅलॅकी," अट्रॅक्टा म्हणाली, "चार होतात का बघ."

"चार होतील," मॅलॅकी तत्काळ म्हणाला.

"घाई कशाला?" ब्रोना म्हणाली. "नीट बसवू देत त्यांना. पाच घ्या, मॅलॅकी."

"मग पाच."

"चारच कर," अट्रॅक्टाची नजर सुनेवरून हलली नव्हती. "तिच्या घरात लहान मूल आहे."

"लहान मूल आहे म्हणूनच म्हणते. सहा लागले तरी चालतील."

"तीनात नाही का होणार?"

फिंटनला वाटलं, दोघी एकमेकींचा किती विचार करतात. डिम्फनाला वाटलं, यात काहीतरी आहे आणि ते आपल्याला सांगितलेलं नाही. मॅलॅकीने कानामागची पेन्सिल काढून वहीवर टेकवली. एकीच्या तोंडाकडे बघितलं, मग दुसरीच्या. माणसांच्या तोंडाकडे बघून बॉयलरचं भविष्य सांगण्यात त्याची उभी हयात गेली होती. पण या दोन तोंडांवर कोण आग्रह करतंय, कोण नकार देतंय आणि कुणाला काय हवंय, त्याला काही म्हणता काही वाचता येईना. त्याने पेन्सिल उचलली, पुन्हा टेकवली. शेवटी, जन्मात कधी कुणाला केला नव्हता तो प्रश्न त्याने केला.

"मला सरळ सांगता का, तुम्हा दोघींना किती आठवडे हवेत?"

असं थेट कुणी कुणाला विचारतं का? सासू आणि सून, दोघी एकाच वेळी किटलीकडे वळल्या.

"आणखी चहा?" दोघी म्हणाल्या.